एक नेली, मग बाकीच्या का मारल्या? : पक्क्या खुराड्याचे शास्त्र

परसात कोंबड्या पाळणाऱ्या घरांत हा प्रकार कधी ना कधी घडतोच. संध्याकाळी मोजून आत घेतलेल्या कोंबड्या सकाळी खुराड्यात मरून पडलेल्या असतात. सगळीकडे पिसांचा सडा, मानेवर दोन-चार दातांच्या खुणा, पण मांस जागच्या जागी. एखादी कोंबडी गायब, बाकीच्या नुसत्याच मारून टाकलेल्या. गावात याचे ठरलेले उत्तर मिळते : जनावर रगत पिऊन गेले.

कोंबड्यांचे रक्त पिऊन धड टाकून देणारे जनावर आपल्याकडे नाही. मुंगूस, रानमांजर, उदमांजर ही सगळी मानेचा किंवा डोक्याचा चावा घेऊन मारतात. जखम बारीक असते, रक्त बरेचसे कातडीखाली आणि पिसांत मुरते, म्हणून बाहेरून काही दिसत नाही आणि ‘रक्त प्यायले’ असा समज होतो. पण मूळ कोडे तसेच राहते. पोट भरायला एक कोंबडी पुरे होती, मग दहा-बारा का मारल्या? हे कोडे उलगडले की नवे खुराडे कसे बांधायचे याचे निम्मे उत्तर हाती येते.

भूक वेगळी, झडप वेगळी

शिकार ही आपल्याला एकसंध कृती वाटते. प्रत्यक्षात ती तुकड्यातुकड्यांनी चालते : सावज शोधणे, दबा धरणे, झडप घालणे, मारणे आणि मग खाणे. पोट भरलेले असले की शोधणे थांबते. झडपेचे तसे नाही. ती भुकेवर फारशी अवलंबून नसते. समोर काही फडफडले, धावले की आपसूक घातली जाते. रानात त्याने काही बिघडत नाही. एक सावज हाती लागेपर्यंत बाकीची पसार झालेली असतात, फडफड थांबते आणि जनावर खायला बसते.

नेदरलँड्सचे प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी १९७२ साली या गोष्टीवर एक गाजलेला निबंध लिहिला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर जमिनीवर घरटी करणारे कुरव पक्षी त्यांनी अभ्यासले होते. काळोख्या रात्री हे पक्षी उडत नाहीत, जागेवर दबून बसतात. अशा रात्री कोल्ह्याच्या जातीचा खोकड तिथे शिरला की एकामागून एक पक्षी मारत जाई आणि बहुतेक तसेच टाकून देई. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत एका अंधाऱ्या, वादळी रात्री तरसांच्या टोळीने ८०हून अधिक हरणे मारली आणि त्यांतली थोडीच खाल्ली, हेही त्यांनी नोंदवले. दोन्हीकडे कारण एकच होते. सावजाला पळता आले नाही.

आता खुराड्याकडे पाहू. पक्ष्याच्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात रंग ओळखतात, दंडपेशी अंधूक उजेडात काम करतात. कोंबडीच्या डोळ्यात शंकूपेशींची चंगळ आहे. तांबडा, हिरवा, निळा यांपलीकडे आपल्याला न दिसणारे जंबुपार किरणही ती पाहते. मात्र दंडपेशी तुलनेने कमी, त्यामुळे दिवस मावळला की ती जवळजवळ आंधळी होते. म्हणूनच झाकड पडताच कोंबड्या आपण होऊन घराकडे वळतात आणि अंधारात हात लावला तरी गप्प राहतात.

कोंबडीचे पूर्वज म्हणजे जंगलातले रानकोंबडे. ते रात्री झाडावर बसतात. उदमांजराने फांदीवरची एक धरली तर बाकीच्या धडपडत खाली पडतात, झुडपात विखुरतात, आणि नुकसान एका-दोघींवर निभावते. खुराड्यात ही सोय नाही. चार भिंती, बंद दार, आंधळ्या झालेल्या कोंबड्या आणि मध्येच शिरलेले जनावर. फडफड थांबतच नाही, म्हणून झडपही थांबत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष कडू आहे : जनावराला शिरता येईल पण कोंबडीला निसटता येणार नाही असे अर्धवट खुराडे झाडाच्या फांदीपेक्षा जास्त धोक्याचे. कोंबड्या बंद करायच्या असतील तर पूर्ण बंदोबस्ताने कराव्यात.

आधी पंचनामा, मग बांधकाम

नवी जाळी विकत आणण्याआधी जुने खुराडे शांतपणे पाहावे. कोण आले, कुठून आले आणि कोणत्या वेळी आले, हे कळले नाही तर पैसा भलत्याच जागी खर्च होतो.

पहिली शंका रोगाची घ्यावी. मेलेल्या कोंबड्यांच्या अंगावर एकही खूण नसेल, तुरे काळे-निळे पडले असतील, तोंडाला लाळ किंवा माना वाकड्या असतील तर ते काम दातांचे नाही. राणीखेत रोगाने कळप दोन-तीन दिवसांत झोपतो. बर्ड फ्लूचा भारतातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला होता. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे.

अंगावर खुणा असतील तर पुढचा प्रश्न वेळेचा. मुंगूस दिवसा हिंडतो. रात्री बंद खुराड्यात झालेल्या कत्तलीचे खापर त्याच्यावर फोडले जाते ते बहुधा चुकीचे असते. दुपारी अंगणातली तलंग किंवा पिल्ले नाहीशी होत असतील तर मात्र त्याचे नाव घ्यावे. बाकीच्यांची ओळख साधारण अशी पटते :

– भटकी कुत्री : जाळी फाडलेली, दार रेटलेले, कोंबड्या चिंधड्या होऊन लांबवर पसरलेल्या आणि बहुतेक न खाल्लेल्या.
– रानमांजर, म्हणजे बाऊल : बहुधा एखादीच कोंबडी उचलून नेलेली, कुंपणाकडे जाणारी पिसांची माळ. आत कोंडले गेले तर मात्र अनेक मारते.
– उदमांजर, कोकणातला कांडेचोर, आणि जवादी मांजर : रात्रीची वेळ, छपराची सरकलेली कौले किंवा वळचणीची फट, मान-डोक्याला चावे.
– कोल्हा : संपूर्ण कोंबडी गायब, भिंतीच्या बुडाशी उकरलेली माती.
– घूस : आत उघडणारे बीळ, कुरतडलेले पाय, बिळाच्या तोंडाशी अडकलेले पिल्लू.
– साप : आवाज नाही, पिसे नाहीत, पिल्ले आणि अंडी कमी. कधी एखादे मेलेले पिल्लू सापडते ज्याचे डोके ओलसर, चिकट असते. गिळायला घेतले आणि जमले नाही.
– घार, शिक्रा, कावळा : दिवसाउजेडी, उघड्यावरून, पिल्ले.
– घोरपड : दिवसा, अंडी.

खात्री पटत नसेल तर खुराड्याभोवती चाळलेली राख किंवा बारीक माती पसरून ठेवावी. सकाळी उमटलेल्या पावलांत चार बोटे आणि नखांच्या खुणा असतील तर कुत्रा किंवा कोल्हा. चार बोटे पण नखे नाहीत तर मांजरकुळातले जनावर, कारण मांजर चालताना नखे आत ओढून घेते. पाच बोटे दिसली तर मुंगूस किंवा उदमांजर. एकदा यशस्वी झालेले जनावर त्याच वाटेने पुन्हा येते, त्यामुळे खूण मिळायला फार वाट पाहावी लागत नाही. त्या काळात उरलेल्या कोंबड्या मात्र घरात किंवा पडवीत ठेवाव्यात.

फटीचे गणित

माठाच्या तळाला बारीक चीर असली तर काठ कितीही जाड असला तरी पाणी टिकत नाही. खुराड्याचेही तसेच, त्याची ताकद सर्वांत मोठ्या भिंतीवर नाही, सर्वांत कच्च्या फटीवर ठरते. म्हणून किती फट चालेल हे नेमके माहीत हवे.

मांजर, मुंगूस, उदमांजर या प्राण्यांच्या छातीची रुंदी आपल्यासारखी पक्की नसते. आपल्या खांद्यांना गळ्याजवळचे हाड, म्हणजे हसळी, धरून ठेवते. या प्राण्यांत ती अगदी छोटी असते किंवा नसतेच, आणि खांदे केवळ स्नायूंच्या आधाराने असतात. त्यामुळे खांदे पुढेमागे होऊन अंग चिंचोळे करता येते. न दबणारा भाग एकच, कवटी. डोके आत गेले की धड गेलेच समजा. सापाच्या बरगड्या खालच्या बाजूने कशालाच जोडलेल्या नसतात, म्हणून तोही दबून शिरतो. मुंगसाला दोन-तीन बोटे रुंदीची फट पुरते, घुशीच्या आणि उंदराच्या पिल्लांना त्याहून कितीतरी कमी.

यावर उपाय अर्ध्या इंची चौकोनी वेल्डमेश जाळी. म्हणजे प्रत्येक घर सुमारे १२-१३ मिलिमीटर. दुकानात फूटपट्टी नसली तर साधी परीक्षा करावी : मोठ्या माणसाची करंगळी आरपार जात असेल तर ती जाळी भिंतीच्या खालच्या भागाला नको. या मापातून लहानसा साप शिरू शकतो, पण जो इतका बारीक आहे त्याला कोंबडीचे अंडे सहसा गिळता येत नाही.

मापाइतकीच तारेची जाडी महत्त्वाची. तार गेजमध्ये मोजतात आणि हे मोजमाप उलटे चालते : आकडा मोठा तितकी तार बारीक. २२ गेजची तार ०.७ मिलिमीटरची, १६ गेजची १.६ मिलिमीटरची. बाजारात स्वस्त मिळणारी षटकोनी ‘कोंबडीजाळी’ बारीक तारा एकमेकींना पीळ घालून विणलेली असते. तिचे काम कोंबडी आत ठेवण्याचे. कुत्र्याने दात लावून एक तार तोडली की शेजारचे पीळ उसवत जातात आणि हाताएवढे भोक पडते. वेल्डमेशमध्ये प्रत्येक सांधा वेगळा जोडलेला असतो. एक तुटला तरी बाकीचे धरून राहतात. पक्क्या खुराड्याला १६ ते १९ गेजची वेल्डमेश घ्यावी. कोकणात खाऱ्या हवेने जाळी लवकर गंजते, तिथे जोडकाम झाल्यानंतर जस्ताच्या पाण्यात बुडवलेली जाळी जास्त वर्षे जाते.

जाळी उत्तम आणि ठोकणे कच्चे, हा नेहमीचा दोष. नुसत्या इंग्रजी ‘यू’ आकाराच्या चुका दोन-तीन हिसक्यांत निघतात. जाळी चौकटीच्या बाहेरच्या बाजूने लावावी, म्हणजे जनावराने ढकलले तर ती लाकडावरच दाबली जाते. तिच्या कडेवर लाकडी रीप किंवा लोखंडी पट्टी ठेवून स्क्रूने आवळावे. रीप संपूर्ण कड दाबून धरते, त्यामुळे नख अडकवायला टोकच उरत नाही.

खणणारी जनावरे आणि पाया

कुत्रा किंवा कोल्हा भिंतीपाशी येतो, तोंड लागते तिथेच थांबतो आणि तिथेच उकरायला लागतो. चार पावले मागे जाऊन बोगदा सुरू करावा इतका विचार तो करत नाही. या सवयीवर एक साधा उपाय बेतलेला आहे. भिंतीच्या बुडापासून बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी अंथरायची, भिंतीला पक्की बांधायची आणि वर दोन-तीन इंच माती किंवा दगड टाकायचे. उकरणाऱ्याच्या पंजाला लगेच तार लागते, बाजूला सरकले तरी तारच. जाळी उभी दोन फूट गाडण्यापेक्षा हे काम सोपे, आणि जांभ्याच्या कातळावर, जिथे चर खणणेच अवघड, तिथेही जमणारे.

घुशीपुढे मात्र आडवी जाळी चालत नाही, कारण तिचे बीळ लांबून आणि खोलवरून येते. जिथे घुशींचा वावर आहे तिथे जमीनच बंद करावी : खाली दगडगोट्यांचा थर, त्यावर जाळी, वर तीन इंचांचा सिमेंटचा कोबा. कोब्याला दाराकडे थोडा उतार ठेवला तर धुण्याचे पाणी साचत नाही. भिंतीचे पहिले दोन-तीन थर मातीत न लावता सिमेंटमध्ये लावावेत. मातीचा सांधा घूस सहज पोखरते.

जमिनीची जात पाहून पाया घ्यावा. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ बांधलेल्या खुराड्याची चौकट मे महिन्यापर्यंत तिरकी होते, दाराखाली दोन बोटे फट पडते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. तिथे काळी माती काढून मुरूम भरावा आणि ठोकून मग जोते घ्यावे. मुरमाड किंवा जांभ्याच्या जमिनीत हा खर्च वाचतो.

जोते घालायचे नसेल तर पायांवर उचललेले खुराडे हा चांगला पर्याय. तळ जमिनीपासून किमान तीन फूट वर हवा, कारण उंदीर दोन-अडीच फूट सरळ उडी मारू शकतो. चारही पायांना गुळगुळीत पत्र्याचा फूटभर रुंद पट्टा गुंडाळला की चढणाऱ्याची नखे घसरतात. मात्र शेजारी झाड, कुंपण किंवा सरपणाचा ढीग असेल तर या पट्ट्याला अर्थ नाही. जनावर तिथून उडी घेते.

वळचण : सगळे विसरतात ती जागा

पन्हळी पत्रा सरळ वाशावर ठेवला की प्रत्येक पन्हळीखाली अर्धगोल पोकळी राहते. आतून उभे राहून पाहिले तर उजेडाच्या चंद्रकोरींची रांगच दिसते. उंदीर आणि साप यांना तेवढी वाट मिळते, आणि पत्रा थोडा उचकटलेला असला तर उदमांजरालाही. भिंतीला हजारो रुपये घालून ही रांग उघडी राहिलेली खुराडी गावोगाव दिसतात. भिंतीचा माथा आणि पत्रा यांच्यामधल्या जागेत जाळीची दुमडलेली पट्टी बसवावी किंवा सिमेंटच्या मसाल्याने ती भरून काढावी. पत्रा खिळ्यांऐवजी ‘जे’ आकाराच्या बोल्टने वाशाला आवळावा. वादळात उडत नाही आणि पंजाने उचकटत नाही.

कौलारू छपराखाली आतून जाळी ताणून लावावी. कांडेचोर कौल सरकवण्यात तरबेज असतो. कौल सरकले तरी खाली तार लागली म्हणजे झाले.

दाराची बाजू आणि कड्या

दार बाहेर उघडणारे असावे आणि चौकटीला आतल्या बाजूने पट्टी ठोकावी, म्हणजे दार बंद असताना त्या पट्टीवर टेकते. कुत्रे जेव्हा अंगाने रेटते तेव्हा सारा जोर चौकटीवर जातो, कडीवर येत नाही. आत उघडणाऱ्या दाराचा सारा भार एकट्या कडीवर पडतो आणि तिचे स्क्रू निघाले की खेळ संपला.

कडी वर एकच असली तर दाराचा खालचा कोपरा सैल राहतो. तिथे पंजा घालून ओढले की फळी वाकते आणि डोके शिरण्याइतकी जागा होते. म्हणून दोन कड्या : एक वर, एक खाली. कडी-कोयंड्यात नुसती काडी न खोचता कुलूप किंवा स्प्रिंगचा हूक अडकवावा. बिजागरीच्या बाजूची फटही तपासावी. उंबरठा हवाच, आणि दार बंद असताना खाली करंगळी शिरता कामा नये.

बंदिस्त हवे, कोंदट नको

इथवर वाचून कोणी चहूबाजूंनी विटांची भिंत घातली आणि झरोकाही ठेवला नाही, तर कोंबड्या जनावराऐवजी हवेने मरतील. कोंबडी आपल्यासारखी लघवी करत नाही. नको असलेला नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेतच बाहेर टाकते. विष्ठेवरचा पांढरा भाग तोच. ओलावा मिळाला की जिवाणू त्याचे विघटन करतात आणि अमोनिया वायू तयार होतो. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भागांहून अधिक प्रमाण कोंबड्यांच्या श्वासनलिकेला आणि डोळ्यांना बाधते, आणि मग श्वसनाचे रोग सोपे होतात. सकाळी दार उघडल्यावर आपल्या नाकाला झणझणले तर समजावे की रात्रभर कोंबड्या त्यातच होत्या.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१-४२ अंश सेल्सिअस असते आणि ते उतरवायला तिच्याकडे चोच उघडून धापा टाकणे एवढाच मुख्य मार्ग आहे. हवा खेळती नसेल तर बाष्प आतच राहते आणि धापा टाकूनही उपयोग होत नाही.

भिंत आणि जाळी यांची वाटणी केली की दोन्ही प्रश्न एकत्र सुटतात. खाली अडीच फूट भरीव भिंत, विटांची किंवा चिऱ्याची. त्यावर छपरापर्यंत चारही बाजूंनी वेल्डमेश. आत बसायचे दांडे जमिनीपासून दीड फुटावर. म्हणजे झोपलेली कोंबडी भिंतीच्या आडोशाला राहते, बाहेरून दिसत नाही, तिच्यावर थंड झोत येत नाही. गरम, दमट हवा वर चढून जाळीतून निघून जाते. पहिला दांडा भिंतीपासून फूटभर आत घ्यावा. दांडे साधारण दोन इंच रुंद आणि एकाच उंचीवर असावेत. वरखाली ठेवले तर सर्वांत वरच्या दांड्यासाठी रोज मारामारी होते.

आकाराचा अंदाज म्हणून वीस गावठी कोंबड्यांचे रात्रीचे खुराडे घेऊ. एका कोंबडीला दीड चौरस फूट धरले तर सहा फूट बाय पाच फूट जागा पुरते. पाच-पाच फुटांचे तीन दांडे लावले की प्रत्येकीला नऊ इंच बसायला मिळतात. गिरिराज, वनराज यांसारख्या जड जातींना जागा थोडी वाढवावी. लांबीची बाजू पूर्व-पश्चिम ठेवली तर सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत कमी शिरते. खाली भाताच्या तुसाची तीन-चार इंचांची गादी घालावी आणि ती ओली होऊ देऊ नये. पावसाळ्यात वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचा पडदा सोडावा, पण वरचा वीतभर भाग उघडाच ठेवावा.

दिवसाचा बंदोबस्त

पक्के खुराडे रात्र सांभाळते. दिवसा कोंबड्या मोकळ्या असतात, तेव्हा त्यांना दिसते आणि पळता येते, म्हणून नुकसान थोड्यावर राहते. कोंबडा आकाशातल्या धोक्यासाठी एक लांब, बारीक आवाज काढतो आणि जमिनीवरच्या धोक्यासाठी वेगळा, तुटक कलकलाट करतो; पहिला ऐकला की कोंबड्या झुडपाखाली दबतात, दुसरा ऐकला की माना उंचावून पाहतात. या इशाऱ्याचा उपयोग व्हायचा तर लपायला जागा हवी. मोकळ्या, साफ केलेल्या अंगणात घारीचे फावते. शेवगा, कढीपत्ता, एखादा वेलाचा मांडव असला की तिला झेप घ्यायला सरळ वाट मिळत नाही. पिल्ले दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत डालग्याखाली किंवा वरून जाळी टाकलेल्या वाफ्यात ठेवावीत.

जनावरांची येण्याजाण्याची वेळ मुख्यतः तिन्हीसांज आणि पहाट. सूर्य मावळताच मोजणी करून दार लावावे आणि सकाळी चांगले उजाडल्यावरच सोडावे. अंधारात कोंबडा आरवला म्हणून दार उघडणे हे रानमांजराला आमंत्रण आहे.

दाणापाणी हाही सुरक्षेचाच भाग. सांडलेल्या कण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांच्या मागावर धामण आणि नाग. खाद्य पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि रात्री भांडे उचलावे. मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. फेकलेल्या मांसावर कुत्री जमतात, आणि बिबट्याच्या मुलखात कुत्री जमली की बिबट्या येतो. अकोले तालुक्यातल्या शेतीभागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाद्यात पाळीव आणि भटक्या जनावरांचा वाटा सुमारे ८७ टक्के निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के होता.

जुन्नर, संगमनेर, निफाड अशा उसाच्या पट्ट्यात अर्धा इंची जाळी पुरणार नाही, हे स्पष्टच सांगायला हवे. बिबट्याच्या ताकदीपुढे ती कागद आहे. तिथे लोखंडी अँगलची चौकट आणि बाहेरून १० गेजची, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर तारेची जाळी हवी. बारीक जाळी तिच्या आतून. छपरालाही हीच जाळी घ्यावी, कारण बिबट्या वरून येतो.

रात्रभर जळणारा दिवा, रेडिओ, बुजगावणे यांचा धाक थोडे दिवस टिकतो, मग जनावर सरावते. सापांसाठी फिनेल किंवा कार्बोलिक आम्ल शिंपडणे भरवशाचे नाही. मासेमारीची नायलॉन जाळी तर लावूच नये; तिच्यात साप गुरफटून मरतात आणि कुत्री ती सहज फाडतात.

चौकट : रात्री बॅटरी घेऊन करायची पाहणी

अंधारात एकाने खुराड्यात बॅटरी लावून उभे राहावे, दुसऱ्याने बाहेरून फिरावे. जिथून उजेड येतो तिथे बोट घालून पाहावे.

१. जाळीशिवाय कुठेही करंगळी शिरते का?
२. जाळीची कड सगळीकडे रिपेखाली दाबलेली आहे का?
३. पत्र्याच्या पन्हळींखाली उजेडाच्या चंद्रकोरी दिसतात का?
४. दाराचा खालचा कोपरा ओढल्यावर वाकतो का?
५. बुडाशी आडवी जाळी किंवा कोबा आहे का? नवे बीळ दिसते का?
६. दांडा जाळीपासून फूटभर दूर आहे का?
७. वर, छपराखाली, हवा जायला मोकळी जाळी आहे का?
८. छपरावर उडी घेता येईल अशी फांदी जवळ आहे का?

ही पाहणी वर्षातून दोनदा करावी : पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर. लाकूड फुगते, माती सरते, तार गंजते.

सूड नको

कळप गेल्यावर राग येणारच. त्या रागात विषारी मांस टाकणे, फासे लावणे किंवा कुंपणात वीज सोडणे असे प्रकार होतात. मुंगूस, रानमांजर, उदमांजर, कोल्हा, घोरपड, नाग, बिबट्या या सर्वांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे, आणि त्यांना मारणे गुन्हा आहे. विषाने शेजाऱ्याचे किंवा आपलेच कुत्रे मरते. तारेत सोडलेल्या विजेने माणसे मेल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. आणि एक मुंगूस मारला तर त्या मोकळ्या जागेत दुसरा येतो, शिवाय मधल्या काळात उंदीर आणि साप वाढतात.

खुराड्यात बिबट्या, अजगर किंवा नाग अडकलेला आढळला तर दार लावून घ्यावे, गर्दी हटवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. स्वतः काठी घेऊन आत जाऊ नये.

जनावरे येतच राहणार. त्यांना कोंबडी आणि रानकोंबडा यांतला फरक शिकवता येत नाही. आपल्या हातात फट आहे. नव्या कोंबड्या आणण्याआधी रिकाम्या खुराड्यात दिवा लावून ती शोधा, बुजवा, आणि मगच बाजारात जा.